मागून बसलेली मोटार

आमची मोटार मागून बसली होती, हे सांगायला मला कुणा मिस्त्रीची गरज नव्हती. दारातल्या कट्ट्यावरून सरळ दिसायचं. तोंड वर, मागचा भाग खाली, आणि पत्र्याची कड चाकाला जवळजवळ टेकलेली. सकाळी अंगण झाडायला बाहेर आले की पहिली नजर तिच्यावर जायची आणि दिवसाची सुरुवातच संतापानं व्हायची. आमचे हे मात्र पुढच्या काचेवर तीन बोटं विभूती ओढायचे, बॉनेटवर थाप मारायचे आणि म्हणायचे, एकदम झकास हाय. मागं जाऊन बघायचं नाव नाही.

आमचं गाव खजुरी, आळंदहून उमरग्याकडं जाणाऱ्या वाटेवर. घरात कानडी, दारात मराठी आणि गुलबर्ग्याला गेलं की उर्दू, असा आमचा कारभार. हे तुरीचा व्यापार करायचे. आसपासच्या खेड्यांतून तूर गोळा करायची आणि गुलबर्ग्याच्या अडतीवर नेऊन घालायची. निजामाचं राज्य जाऊन थोडेच दिवस झाले होते. लढाईत वापरून टाकलेल्या लष्करी मोटारी लिलावात निघायच्या, त्यातली ही एक. पुढं तिघं दाटीवाटीनं बसतील एवढी जागा आणि मागं उघडा हौदा. गावात बाकी कुणाकडं मोटार नव्हती.

लोकांना वाटायचं, तुरीसाठी घेतली. तुरीला बैलगाड्या होत्या की. मोटार घेतली ती माझ्यासाठी. माझी दोन बाळंतपणं वाटेतच बिघडली होती. पहिल्या खेपेला मी माहेरी, दुबलगुंडीला निघाले होते, बैलगाडीतून. निम्म्या वाटेत पोटात दुखायला लागलं आणि माहेरच्या उंबऱ्यावर पोचले ती मोकळ्या पोटानं. दुसऱ्या खेपेलाही तसंच, फक्त वाट वेगळी. त्यानंतर यांनी मला गुलबर्ग्याच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की बाईत काही दोष नाही. पुन्हा दिवस गेले तर सहाव्या महिन्यापासून बैलगाडीत पाय ठेवायचा नाही, आदळआपट चालायची नाही आणि बाळंतपण इथंच, माझ्या दवाखान्यात करायचं. त्या उर्दूत बोलत होत्या आणि आमचे हे मान डोलवत होते. दोन महिन्यांत दारात मोटार उभी राहिली. मला किती आनंद झाला होता, ते आता सांगूनही खरं वाटणार नाही.

तो आनंद टिकू दिला नाही तो आमच्या घरच्या चालीनं. आम्ही बसवण्णांना मानणारी माणसं. घरात दासोह चालायचा, म्हणजे जेवणवेळी दारात जो येईल त्याला ताट. कोण, कुठला, असं विचारायचंसुद्धा नाही. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही अत्ती म्हणायचो, ही चाल डोळ्यात तेल घालून सांभाळायच्या. मोटार आली तशी त्यांनी एका वाक्यात ठरवून टाकलं की मोटारीलाही तोच नियम. दारात आलेल्याला ताट, रस्त्यात उभ्या असलेल्याला जागा. झालं. यांना तर काय, निमित्तच पाहिजे होतं. रस्त्याकडेला कुणी हात वर केला की ब्रेक. एकदा थांबले की त्याच्याबरोबरची बायको, मेहुणा, दोन पोती शेंगा आणि कोंबड्यांची पाटी. आमचे गुरू जंगमस्वामी तर हातही करायचे नाहीत. रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे आणि मग पुढंच बसायचे, माझ्या आणि दाराच्या मधे. बाजारच्या दिवशी आमच्या मोटारीत किती माणसं मावतात, ह्याला उत्तर नव्हतं. आतली जागा संपली की बाहेर लोंबकळायची. एकदा एकजण आजारी वासरू घेऊन चढला आणि माझ्याकडं बघून म्हणाला की अक्का, ते बसतच न्हाई, उभंच राहतंय, जागा लागत न्हाई.

आता मोटारीच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्या असतात, एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या. त्यांना पाटे म्हणतात. सगळं ओझं त्यांच्यावर. खड्डा आला की पाटे दबतात, पुन्हा वर येतात, म्हणून आतल्या माणसाला धक्का लागत नाही. आमचे पाटे दबायचे, पण वर यायचं विसरून गेले होते. वर्षभरात त्या कमानी पार सपाट झाल्या. खड्डा आला की चाकांमधला लोखंडी दांडा वर येऊन मोटारीच्या सांगाड्यावर ठाणकन आपटायचा आणि तो दणका थेट कमरेत. बैलगाडी बरी म्हणायची वेळ आली. ज्या कामासाठी मोटार घेतली, ते काम सोडून ती सगळ्या आळंद तालुक्याच्या कामाला येत होती.

अशात मला तिसऱ्यांदा दिवस गेले.

मी यांना सांगितलं, पाटे नीट करा. हे म्हणाले, करतो की. दुसऱ्या महिन्यात सांगितलं, करतो की. तिसऱ्या महिन्यात मी बोलले नाही, नुसती मोटारीकडं बोट करून उभी राहिले, तेव्हा म्हणाले, आता तूर हाय, तूर झाली की करतो. तूर झाली. मग लग्नसराई होती, वऱ्हाडं होती, अत्तींच्या बहिणीच्या गावची जत्रा होती. आमच्या यांना कधी राग यायचा नाही, हीच मोठी पंचाईत. भांडायला समोर माणूस तर पाहिजे. मी तावातावानं बोलत राहायचे आणि हे शांतपणे सुपारी कातरत बसायचे.

पाचव्या महिन्यात आळंदहून येताना माझं डोकं फिरलं. बाजार करून परतत होतो, वैशाखातली दुपार, हौदा गच्च भरलेला. एका ओढ्याच्या उताराला मोटार अशी आपटली की माझ्या ओटीपोटात कळ गेली. मी दोन्ही हातांनी पोट धरलं आणि ओरडले, थांबवा. उतरले, मागं गेले आणि सगळ्यांना सांगितलं, खाली उतरा. बायका उतरल्या, जंगमस्वामी उतरले, एकेक करून सगळे उतरले. शेवटी राहिले किराणा दुकानाचे अण्णा. हे अण्णा म्हणजे गावातला सगळ्यात अवजड माणूस. ते बसायचे त्या बाजूचं चाक पत्र्याला घासायचं. दर बाजारी आळंदहून दुकानाचा माल घेऊन आमच्या मोटारीतून यायचे. त्यांच्यासमोर गुळाची ढेप होती. मी म्हणाले की अण्णा, तुम्ही सगळ्यात आधी उतरायला पाहिजे होतं, तुमच्या एकट्यानं पाटे बसलेत. सगळ्यांच्या देखत म्हणाले.  अण्णा खाली उतरले, ढेप खांद्यावर घेतली आणि त्या उन्हात चालायला लागले. रिकाम्या मोटारीतून आम्ही त्यांच्या शेजारून पुढं गेलो.

त्या दिवसापासून मी जाहीर करून टाकलं की माझी सुटका होईपर्यंत ह्या मोटारीत कुणीही बसणार नाही. गावात पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. अत्ती माझ्याशी बोलेनात. ताट वाढायच्या, पण न बोलता, भाकरी जरा जोरात ठेवून. आमच्या घरानं रस्त्यातल्या माणसाला उतरवलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण त्या कळेची भीती जास्त होती. रात्रंदिवस हात पोटावर ठेवून बाळ हललं का, ते चाचपत बसायचे. दोनदा रिकामी झालेली बाई भीड किती धरणार?

एवढं रामायण झाल्यावर आमचे हे उठले. पण सरळ गुलबर्ग्याला जातील तर ते आमचे हे कसले? गावचा लोहार होता ना. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवावी तशी त्यानं पाट्यांची गंमत केली. पाटे सोडवले, भट्टीत लाल केले, घणानं ठोकून पुन्हा वाकवले आणि पाण्यात बुडवले. यांनी नारळ फोडला. प्रत्येक पाट्यावर विभूती ओढली. खरं सांगते, कमानी दिसायला अशा सुरेख झाल्या होत्या की मीसुद्धा फसले. आठवडाभरात एक पाटा तडकला आणि बाकीचे पहिल्यापेक्षा सपाट झाले. लोहाराला विचारलं, तर तो म्हणाला की बैलगाडीचं कसलंबी काम सांगा, ही तुमची मोटार मला पसंत न्हाई. यांना त्यात काही गैर वाटलं नाही. नारळाचं खोबरं तेवढं वाटून झालं होतं.

मग मी जेवण सोडायची धमकी दिली, तेव्हा कुठं स्वारी गुलबर्ग्याला गेली. तीन दिवसांनी संध्याकाळी परत आली. मोटारीचा आवाज ऐकून बाहेर आले आणि बघतच राहिले. मागचा भाग इतका वर गेला होता की मोटार उधळलेल्या वासरासारखी शेपटी वर करून उभी. हे उतरले ते मिशीला पीळ देतच. म्हणाले की गुलबर्ग्याचा मिस्त्री नुसते दोन पाटे बदलतो म्हणत होता. मोठ्या लष्करी लॉरीचे जाड पाटे तिथंच पडले होते. मी त्याला म्हणलं, तेच घाल, आणि एकदोनच कशाला, बसतील तेवढे घाल. मिस्त्री म्हणाला, मालक, तुम्ही म्हणता तर घालतो. आता बघ, जल्मात बसायची न्हाई.

आमच्याकडच्या माणसांना जाड लोखंडाचं भारी कौतुक. बैलगाडीचं तसंच असतं ना, जितका दांडा जाड तितकी गाडी चांगली. यांना वाटलं मोटारीचंही तसंच.  दुसऱ्या दिवशी हे आळंदपर्यंत जाऊन बघू म्हणाले, म्हणून मी पुढं बसले. आमची वेस ओलांडायच्या आत मला कळलं की हा पहिल्याहून वेगळा आणि वाईट प्रकार आहे. पाटे दबतच नव्हते. सुपारीएवढा खडा चाकाखाली आला तरी मोटार उडायची. खड्ड्याची तर गोष्टच नको. टाळूपर्यंत झिणझिण्या. निम्म्यात मी उतरले आणि पायी चालायला लागले, आणि हे शेजारून मोटार हळूहळू चालवत विनवत होते की बस की, बस की, सवय व्हतीया. येणारे-जाणारे बघत होते. मला इतका संताप आला होता की रडूही येईना.

आळंदला पोचलो तेव्हा नेमका बाजार होता. परतीच्या वेळी चार ओळखीच्या बायका हौद्याजवळ येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. विचारायची त्यांची छाती झाली नाही. चालून चालून माझा जीव मेटाकुटीला आला होता, भांडायचं बळ नव्हतं. मी तोंड फिरवलं. त्याचा अर्थ यांनी हो असा घेतला आणि बघता बघता हौदा भरला. आणि काय सांगू, मोटार मऊ झाली. त्याच रस्त्यावर, त्याच खड्ड्यांतून अशी अलगद आली की मला डुलकी लागली. माणसांच्या ओझ्यानं ते जाड पाटे जेवढ्यास तेवढे दबत होते आणि वर येत होते. मला ते कळलं, पण मी कबूल केलं नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाले की उद्याच्या उद्या गुलबर्ग्याला जा आणि जास्तीचे पाटे काढून आणा. हे म्हणाले, काढतो की.

भादवा लागला तरी पाटे होते तिथंच होते. मला नववा लागला होता. डॉक्टरीणबाईंनी आठ दिवस आधी येऊन राहायला सांगितलं होतं, आणि आम्ही सोमवारी निघणार होतो. शनिवारी सकाळी भाकऱ्या थापताना कळ आली. पहिल्यांदा वाटलं, अशीच असेल. दुसरी आली तेव्हा मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून भिंतीला टेकले. अत्तींनी सुईणीला बोलावलं. सुईण आली, हात लावून बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली की बाळ आडवं हाय, हे माझ्या हातचं काम न्हाई. गुलबर्ग्याला न्या, पण हिला उठवू नका, बसवू नका, पडल्या पडल्या न्या. आणि धक्का लागू देऊ नका.

धक्का लागू देऊ नका! दारात ती मोटार शेपूट वर करून उभी होती. रिकामी.

यांच्या तोंडचं पाणी पळालं. आत आले, बाहेर गेले, पाना घेऊन पाट्यांखाली शिरले, बाहेर आले. नटबोल्ट गंजून गच्च झाले होते. म्हणाले, वजन टाकतो. कसलं वजन टाकणार? तूर केव्हाच विकून झालेली. घरची ज्वारी पेवात, जमिनीखाली. पेव उघडलं की त्याची वाफ जाईपर्यंत दिवसभर आत माणूस उतरवता येत नाही, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत. मग म्हणाले, ओढ्यातले दगड भरतो. म्हणजे मी दगडांच्या मधे झोपून जाणार, आणि प्रत्येक वळणाला एकेक दगड अंगावर घेणार. वेणा सुरू असतानाही माझं डोकं तडकलं. मी म्हणाले,

"माणसं बोलवा."

"कुणाला?"

"सगळ्यांना. ज्यांना ज्यांना मी उतरवलं त्या सगळ्यांना."

हे तसेच उभे राहिले. इतक्या महिन्यांत माझ्याशी धड न बोललेल्या अत्ती माझ्या उशाशी बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर खोचला आणि रस्त्यावर गेल्या. त्यांचा आवाज मला आतपर्यंत ऐकू येत होता. आधी कानडीत, मग मराठीत. सून अडलीया, मोटारीत वजन पाहिजे, या. एवढंच. मी डोळे मिटून पडले होते आणि मला खात्री होती की कुणी येणार नाही. कशाला येतील? भर उन्हात उतरवलेली माणसं ती.

आली हो. कोष्टी माग सोडून आला. मशिदीतले म्हातारे मुल्लासाब आले. बायका पिठाच्या हातांनी आल्या. जंगमस्वामी आले आणि सवयीनं पुढं बसायला निघाले, तर अत्तींनी त्यांना दंडाला धरून मागं पाठवलं, आणि ते गेले. वासरूवालाही आला, ह्यावेळी एकटा. मला बाजेसकट उचलून हौद्यात ठेवलं. तेवढ्यात समोरून किराणा दुकानाच्या फळ्या लावल्याचा आवाज आला आणि अण्णा आले. हौद्याच्या कडेला उभे राहिले. माझ्याकडं बघितलं नाही, खाली बघत म्हणाले,

"अक्का, त्या दिवशी माझं वजन लई झालं व्हतं. आज किती पायजे, सांगा."

   मी म्हणाले, बसा की अण्णा, मागच्या चाकावर बसा. ते चढले तशी ती उधळलेली मोटार हळूच खाली आली आणि बाजेवर पडल्या पडल्या मला ते पाठीला कळलं.

आता कुणाला वाटेल की सगळी माणसं डोळ्यात पाणी आणून गप्प बसली असतील. कसली गप्प बसतायत. वेस ओलांडायच्या आत कोण कुठं बसायचं, ह्यावरून वाद सुरू झाला. जाड माणसं मागं, बारीक पुढं, असं एकानं ठरवलं, तर बारीक कोण, ह्यावर दोघींची जुंपली. माझ्या उशाशी एकजण तंबाखू मळत होता, तिचा कोंडा माझ्या तोंडावर. सुईण पायाशी होती. आणि तिच्या शेजारच्या बाईनं आडव्या बाळाच्या गोष्टी काढल्या. कुणाचं कसं झालं, कुठली वाचली, कुठली नाही, सगळं नावगावासकट. मी दात खाऊन ऐकत होते. खड्डा दिसला की पुढच्या बाजूला उभा असलेला कोष्टी ओरडायचा, उचला, आणि दोन्ही बाजूंची माणसं माझी बाज हौद्यापासून चार बोटं वर धरायची. खड्डा गेला की ठेवायची. असं आळंदपर्यंत आणि आळंदपासून गुलबर्ग्यापर्यंत. वर सगळे मिळून यांना मोटार कशी चालवायची ते सांगत होते. एकदा मी किंचाळले, तेव्हा मुल्लासाब माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाले की आँखां बंद कर लेव बेटी, हम सब बैठे हैं. आळंद आलं तेव्हा एका शहाण्यानं खरंच विचारलं, चहा घ्यायचा का? अत्तींनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. पुढं त्यानं तोंड उघडलं नाही.

पण मोटार आपटली नाही. एकदाही नाही.

दवाखान्यात ही सगळी वरात बाजेसकट आत शिरली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि खवळल्या. म्हणाल्या की घरची माणसं तेवढी थांबा, बाकीचे बाहेर व्हा. कुणीच हललं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. अण्णा अत्तींकडं बघायला लागले, अत्ती स्वामींकडं. शेवटी बाईंनी स्वतः ढकलून सगळ्यांना पडवीत काढलं आणि दार लावलं. पुढचं मला नीट आठवत नाही. खूप वेळ लागला. बाईंनी आत हात घालून बाळ फिरवलं, तेव्हा मी यांना, मोटारीला, मिस्त्रीला आणि त्या लष्कराला असल्या शिव्या दिल्या की नर्सबाई कानावर हात ठेवून हसत होत्या. मग एकदम सगळं थांबलं आणि एक रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं रडणं. मुलगी होती. मी इतकी वर्षं ते ऐकायला जीव टाकला होता आणि आता ऐकू आलं, तर माझा विश्वास बसेना. मी बाईंना पुन्हा पुन्हा विचारत होते, तीच रडायलीया न्हवं? बाई म्हणाल्या, दुसरं कोण रडणार इथं?

बाहेर पडवीत मात्र दुसरं कुणीतरी रडत होतं. अण्णा होते, असं अत्तींनी मागाहून सांगितलं.

हे सगळ्यांना घेऊन गावी परत गेले आणि मी अत्तींबरोबर दवाखान्यात राहिले. पुढं बाईंनी घरी जायला सांगितलं, तेव्हा हे आम्हाला न्यायला आले. मोटार धुतलेली, हौद्यात जाड गादी, काचेवर विभूती. चेहरा असा की मोठा पराक्रम केलाय.

"खजुरीपासून इथवर एकालाबी घेतलं न्हाई," म्हणाले. "तू म्हणली व्हतीस तसं."

मी विचारलं, पाटे काढले का? म्हणाले, काढतो की.

 मी लेक घेऊन गादीवर बसले, अत्ती शेजारी. गुलबर्गा सुटलं तशी मोटार नाचायला लागली. पहिल्या खड्ड्याला माझ्या मांडीवरचं गाठोडं वीतभर उडालं. मी तिला छातीशी आवळून धरलं. ती दचकून जागी झाली आणि रडायला लागली. दुसऱ्या खड्ड्याला मी हातातल्या बांगड्यांसकट पुढच्या पत्र्यावर धपाधप थापा मारल्या. मोटार थांबली. हे धावत मागं आले, काय झालं, काय झालं.

मी म्हणाले, "आता जो हात करंल त्याला घ्या."

हे बघतच राहिले.  अत्तींनी लेकीच्या डोक्यावरचं टोपडं सारखं केलं आणि पदरानं स्वतःचं तोंड पुसलं. मोटार निघाली. यांनी ती अगदी हळू ठेवली होती, बैलगाडीच्या चालीनं. मी बसल्या जागेवरून रस्ता बघत होते. माणसं होती की. कुणी डोक्यावर गाठोडं घेतलेली, कुणी झाडाखाली टेकलेली. पण आमच्या खजुरीच्या माणसांचं वेगळं, ती त्या दिवशी मोटारीत बसून आली होती. बाकीच्या गावांना एवढंच माहीत होतं की ही मोटार आता कुणाला घेत नाही. आम्ही जवळ आलो की ती रस्ता सोडून बाजूला व्हायची, धुळीसाठी तोंडावर पदर धरायची आणि आम्ही जाईपर्यंत उभी राहायची. कुणीही हात करत नव्हतं. एक नाही, दोन नाही, मैलामागून मैल गेले. लेक रडत होती.

पुढं एका बाभळीखाली एक नवराबायको उभी होती. बाईच्या कडेवर मूल, बाप्याच्या डोक्यावर पोतं. मोटार बघून तीही मागं सरकली. मी लेकीला अत्तींच्या मांडीवर दिलं, हौद्याची कड धरून गुडघ्यांवर उभी राहिले आणि मीच त्यांना हात केला.